पिवळ्या रोगणाखालचे चित्र

आज अशा एका गोष्टीविषयी चार शब्द बोलायचे आहेत, की जी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात किंवा शाळेत आहे, पण जिच्याकडे सहसा कुणी निरखून पाहत नाही. जुन्या घराच्या देवघरात किंवा माजघरात लक्ष्मीची, सरस्वतीची, रामपंचायतनाची चौकटीत बसवलेली तसबीर असते. शाळेच्या कपाटामागे, वरखाली दोन काठ्या लावलेला, कापडावर चिकटवलेला भिंतीवरचा नकाशा गुंडाळून उभा केलेला असतो. दोन्ही वस्तू कागदाच्या. आणि दोन्ही आता पिवळ्या, तपकिरी, क्वचित काढ्याच्या रंगाच्या झालेल्या. लक्ष्मीच्या हातातली पांढरी कमळे कुठे गेली आणि नकाशातला समुद्र हिरवा का दिसतो, असे मुले विचारतात. उत्तर मिळते, "जुना झाला कागद, दुसरे काय!"

हे उत्तर अर्धेच खरे आहे. कागद जुना होतो आणि पिवळाही पडतो. पण पुष्कळ वेळा तो पिवळेपणा कागदाचा नसतोच. कागदावर दिलेल्या रोगणाचा, म्हणजे व्हार्निशचा असतो. निळ्या समुद्रावर पिवळ्या काचेचा तुकडा धरला तर समुद्र हिरवा दिसणारच. खालचा निळा रंग बहुधा जागच्या जागी शाबूत असतो. मग साहजिक प्रश्न येतो, की हे रोगण काढता येईल का? आणि लगेच कुणीतरी शेजारी सांगतो, "अहो, त्यात काय अवघड? फर्निचरवाल्याकडचे स्पिरिट आणा आणि कापसाने पुसा." आजचे हे भाषण मुख्यतः त्या शेजाऱ्याच्या सल्ल्याबद्दल आहे. कारण त्या सल्ल्याने पाच मिनिटांत जे जाते, ते पुढे पन्नास वर्षांत कुणालाही परत आणता येत नाही.

आधी हे पाहू, की कागदावर रोगण देण्याची गरजच काय होती? कारणे तीन. पहिले कारण रक्षणाचे. भिंतीवरच्या नकाशाला काच नसे. त्याच्यावर धूळ बसे, माशा बसत, गुरुजींची छडी टेकत असे आणि मुलांचे हातही लागत. रोगण दिले, की ओल्या फडक्याने तो पुसता येई. दुसरे कारण शोभेचे. रोगणाने रंग गडद आणि ओले दिसतात. नदीतला गोटा पाण्यात असताना जसा दिसतो आणि वाळल्यावर जसा दिसतो, तसा हा फरक आहे. आणि तिसरे कारण म्हणजे कागदावरच्या छापील चित्राला कॅनव्हासवरच्या तैलचित्राचे रूप देण्याची हौस.

या तिसऱ्या कारणाशी आपल्या महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. राजा रविवर्मा यांचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. त्यांचा जन्म १८४८ सालचा, मृत्यू १९०६ सालचा. ते त्रावणकोरकडचे, पण त्यांनी आपला छापखाना काढला तो मुंबईत, १८९४ साली. पुढे तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रिट्झ श्लायखर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. १९७२ साली मळवलीच्या त्या कारखान्याला आग लागून फार मोठे नुकसान झाले. या छापखान्यातून निघालेल्या देवादिकांच्या चित्रांनी खेड्यापाड्यांतील भिंती सजल्या. ज्या माणसाला राजवाड्यातले तैलचित्र कधी बघायलाही मिळाले नसते, त्याच्या घरात लक्ष्मी आणि सरस्वती रंगीत रूपाने आल्या.

ही चित्रे शिळाछापाची. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे आणि त्यावरून कागदावर ठसा घ्यायचा. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. असे अनेक दगड एकावर एक बिनचूक जुळवून छापले, म्हणजे पूर्ण चित्र तयार होते. अशा चित्रांना 'ओलिओग्राफ' म्हणत. या नावाच्या पोटात 'तेल' असा अर्थ आहे. तैलचित्राचा भास व्हावा म्हणून अशा कित्येक चित्रांवर कॅनव्हासच्या विणीसारखा खडबडीत ठसा उठवीत आणि वरून चकचकीत रोगण देत. तेव्हा हे लक्षात ठेवा, की अशा चित्रावरचे रोगण बहुतेक छापखान्यातच दिलेले असते. ते चित्राचाच एक भाग होते. या मुद्द्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

आता रोगण म्हणजे काय ते पाहू. झाडाच्या सालीला खाच पडली, की त्यातून चिकट रस पाझरतो आणि वाळून खडे होतात. त्याला आपण राळ म्हणतो. डामर, मॅस्टिक, चंद्रूस ही अशाच पदार्थांची नावे. लाख मात्र झाडाची नव्हे. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर राहणारे बारीक किडे ती तयार करतात. राळ टर्पेंटाईनमध्ये विरघळवली किंवा लाख स्पिरिटमध्ये विरघळवली, की पातळ रोगण तयार होते. कुंचल्याने ते दिले, की टर्पेंटाईन किंवा स्पिरिट उडून जाते आणि राळेचा पातळ, काचेसारखा पापुद्रा मागे राहतो. तिसरा एक प्रकार आहे. त्यात राळ जवसाच्या तेलात शिजवलेली असते. तो पापुद्रा वाळतो तो नुसता उडून नव्हे. तेल हवेतला प्राणवायू घेते आणि त्याची घट्ट जाळी बनते.

नवा असतो तेव्हा हा पापुद्रा पाण्यासारखा स्वच्छ असतो. परंतु प्रकाश आणि प्राणवायू त्याला सोडत नाहीत. वर्षानुवर्षे राळेच्या कणांना प्राणवायू चिकटत जातो; पापुद्रा पिवळा पडतो, ठिसूळ होतो, त्याला बारीक भेगा जातात. त्यातच देवघरातली समई, उदबत्ती आणि धूप यांची काजळी त्यावर बसते. म्हणून पन्नास-शंभर वर्षांनी त्याचा रंग काढ्यासारखा होतो.

आणखी एक बदल होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण आपल्या विषयात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. गूळ पाण्यात विरघळतो, तेलात विरघळत नाही. डांबराचा डाग रॉकेलने निघतो, पाण्याने निघत नाही. प्रत्येक पदार्थाचा कल एका बाजूला असतो. नवी राळ ही टर्पेंटाईनच्या बाजूची असते. पण प्राणवायू घेत घेत ती हळूहळू स्पिरिटच्या बाजूला सरकते. जुने झालेले डामरचे रोगण नुसत्या टर्पेंटाईनला दाद देत नाही. त्याला मद्यार्क किंवा ॲसिटोन यांसारखी जालीम द्रव्ये लागतात. आणि नेमकी हीच द्रव्ये खालच्या पुष्कळ शाया आणि रंगसुद्धा विरघळवतात. म्हणजे रोगण जितके जुने, तितके त्याला काढणारे औषध कडक, आणि तितका खालच्या चित्राला धोका अधिक. लाखेचे उलटेच. ती जुनी होते तशी तिचे कण एकमेकांत गुंतत जातात आणि काही काळाने ती स्पिरिटलाही पुरती दाद देईनाशी होते. आणि जवसाच्या तेलात शिजवलेले रोगण तर धड कशातच विरघळत नाही. ते नुसते फुगते.

आता कुणी म्हणेल, "मोठमोठ्या संग्रहालयांत तैलचित्रांवरचे जुने रोगण काढतातच की! मग कागदालाच काय झाले?" प्रश्न रास्त आहे. हॉलंडचा थोर चित्रकार रेम्ब्रांट याने १६४२ साली पुरे केलेल्या एका चित्राला लोक पुढे 'रात्रीचा पहारा' म्हणू लागले, कारण रोगण आणि धूळ यांनी ते काळवंडले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ते स्वच्छ केले तेव्हा कळले, की देखावा रात्रीचा नाहीच. तैलचित्रात हे तुलनेने साधते. कारण कॅनव्हासवर आधी अस्तराचा थर असतो, त्यावर वाळून टणक झालेला तैलरंग असतो, आणि रोगण सगळ्यांच्या वर बसलेले असते. कागदाचे तसे नाही. कागद म्हणजे बारीक तंतूंची गुंतवळ. त्यात पाणी, तेल, रोगण, जे पडेल ते आत शिरते.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे मुलांना दाखवण्यासाठी एक सोपा प्रयोग सांगतो. रद्दीतल्या कागदाचे दोन तुकडे घ्या. एकावर डिंकाच्या घट्ट पाण्याचे दोन हात द्या आणि पुरते वाळू द्या. दुसरा तसाच ठेवा. मग दोघांवर गोडेतेलाचा एकेक थेंब टाका. थोड्या वेळाने तेल टिपून घ्या आणि तुकडे उजेडासमोर धरा. साध्या कागदावर तेल आत मुरून अर्धपारदर्शक डाग पडलेला दिसेल. डिंक दिलेल्या कागदात ते फारसे शिरलेले नसेल. जुने कुशल कारागीर हेच करीत. नकाशावर रोगण देण्यापूर्वी ते सरसाचा किंवा खळीचा हात देत, म्हणजे रोगण वरच्या वर राही. असा हात नीट दिलेला असला, तर आज ते रोगण काढणे पुष्कळ सोपे जाते. पण कारागिराने घाई केली असली, हात कुठे जाड कुठे पातळ पडला असला, तर रोगण जागोजागी कागदात मुरलेले असते. मग ते तंतूंच्या आतून काढावे लागते.

दुसरा प्रयोग याहून सोपा आहे. टिपकागदावर शाईचा एक ठिपका द्या आणि त्यावर पाण्याचे दोनचार थेंब सोडा. शाई पसरत जाईल आणि ओलाव्याच्या कडेला जाऊन तिचे कडे उठेल. आता विचार करा. आपला शेजारी तसबिरीवर स्पिरिटचा बोळा फिरवतो तेव्हा नेमके हेच घडते. पिवळे रोगण विरघळते खरे, पण सगळे बोळ्यात येत नाही. थोडे कागदात खाली जाते आणि ओलाव्याच्या कडेला जाऊन थांबते. वाळल्यावर तिथे तपकिरी कडे दिसते, आणि मग ते कागदाच्या पोटात असते. वरचा डाग आत गेला, एवढीच काय ती प्रगती!

आपल्याकडच्या तसबिरींत आणखी एक गोष्ट असते, जी परदेशी पुस्तकांत सापडायची नाही. ती म्हणजे हळदकुंकू. चित्राला काच नसली, तर वर्षानुवर्षे बोटाने लावलेले हळदकुंकू थेट रोगणावर बसलेले असते. हळदीचा पिवळा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, पण स्पिरिटमध्ये आणि ॲसिटोनमध्ये लगेच विरघळतो. रोगण काढायला स्पिरिट लावले, की हळद मोकळी होते आणि सरळ कागदात उतरते. आणि हळदीला चुना किंवा सोडा लागला, की ती लाल होते, हे तर प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. तेव्हा रोगणाला हात लावण्याच्या आधी हळदकुंकवाचे कण कोरडेच, भिंगाखाली, एक एक करून उचलावे लागतात. शिवाय ते उचलावे की नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे लागते. कारण कुणाच्या तरी पणजीने ते श्रद्धेने लावलेले असते, आणि तीही त्या चित्राची हकीकतच आहे.

आता जाणकार हे काम कसे करतात ते थोडक्यात सांगतो. अशा जाणकाराला संवर्धक म्हणतात. तो पहिले काही दिवस चित्राला द्रवाचा थेंबही लावीत नाही. प्रथम तो चित्राचे पुढून आणि मागून छायाचित्र घेतो आणि कुठे फाटले आहे, कुठे कसर लागली आहे, त्याची टिपणे करतो. मग अंधाऱ्या खोलीत चित्रावर अतिनील किरण, जुन्या पुस्तकांत ज्यांना जंबुपार किरण म्हणत, ते टाकतो. या किरणांत झाडाच्या राळेचे जुने रोगण हिरवट-पिवळे चमकते आणि लाख बहुधा नारिंगी चमकते. कुठे थर जाड आहे, कुठे पातळ आहे, कुठे कुणी मागाहून डागडुजी केली आहे, हे त्यात उमटते.

नंतर परीक्षा. चित्राच्या कडेला, सहजी दिसणार नाही अशा जागी, टाचणीच्या डोक्याएवढ्या ठिकाणी तो एक द्रव्य लावून बघतो. सौम्य द्रव्यापासून सुरुवात आणि हळूहळू कडक द्रव्याकडे. बोळ्यावर नुसते पिवळे आले तर ठीक. निळे, तांबडे, काळे काहीही आले की थांबायचे. अशी परीक्षा प्रत्येक रंगावर वेगळी घ्यावी लागते. छापील तेलकट शाई सहसा टिकाऊ असते. पण नकाशावर हाताने भरलेले रंग, शाळेचा जांभळा शिक्का, कोपऱ्यात कुणी लाल शाईने केलेली सही यांचा भरवसा नसतो. आणि हिरव्या रंगात जंगाल, म्हणजे तांब्याचा गंज असला, तर त्याच्याखालचा कागद आधीच खाऊन गेलेला असतो आणि हात लागताच तुटतो.

परीक्षा उतरली, की काम सुरू होते. कधी कागदाखाली टिपकागद ठेवून वरून द्रव्य देतात, म्हणजे विरघळलेले रोगण खालच्या टिपकागदात उतरते. कधी खालून हवा ओढून घेणाऱ्या मेजावर चित्र ठेवतात, म्हणजे द्रव्याला आडवे पसरायला अवधीच मिळत नाही आणि कडे उठत नाही. कधी सर्व रंग पक्के ठरले, तर संपूर्ण कागद पसरट थाळीत द्रव्याखाली बुडवतात आणि द्रव पिवळा होणे थांबेपर्यंत नव्या थाळीत हलवीत राहतात. अलीकडे ही द्रव्ये लापशीसारख्या घट्ट लगद्यात मिसळून तो लगदा कागदावर थापण्याचीही रीत आहे. त्याने द्रव्य खोल न जाता वरचे रोगण मऊ करते. सगळे काम धूर ओढून नेणाऱ्या कपाटाखाली, हातमोजे घालून चालते. कारण ही द्रव्ये ज्वालाग्राही आहेत. शुद्ध मद्यार्काची वाफ सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या वर ठिणगी मिळताच पेटते. आपल्याकडे थंडीच्या पहाटेसुद्धा घरात याहून अधिक ऊब असते. देवघरात समई तेवत असताना जवळ स्पिरिटची बाटली उघडणे म्हणजे काय, ते यावरून समजून घ्या. शिवाय बाजारातल्या स्पिरिटमध्ये बहुधा विषारी मिथिल मद्यार्क मिसळलेला असतो.

हे काम किती सबुरीचे असते, याचे एक उदाहरण देतो. योआन ब्लाउ हा सतराव्या शतकातला हॉलंडचा प्रसिद्ध नकाशाकार. त्याने १६६३ साली पूर्वेकडील बेटांचा आणि त्या वेळी युरोपीयांना अर्धाच ठाऊक असलेल्या ऑस्ट्रेलियाचा एक मोठा भिंतीवरचा नकाशा छापला. त्याच्या फारच थोड्या प्रती उरल्या आहेत. त्यांतली एक स्वीडनमधल्या एका गोदामात सापडली आणि २०१३ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ती घेतली. रोगण तपकिरी झालेले आणि कागद जागोजागी तुटलेला अशी तिची अवस्था होती. मेलबर्न विद्यापीठातील संवर्धकांनी रंगांची परीक्षा करून तिच्यावर उपचार केले, आणि २०१७ साली तो नकाशा पुन्हा लोकांसमोर मांडला गेला. एका नकाशासाठी एवढा काळ! आणि तोही सर्व साधने आणि निष्णात माणसे हाताशी असताना.

याच्या उलट उदाहरण घाईचे आहे. माक्स फॉन पेटेनकोफर हा म्युनिकचा थोर रसायनशास्त्रज्ञ. सार्वजनिक आरोग्यशास्त्राचा तर तो एक प्रवर्तकच. १८६३ साली त्याने तैलचित्रांचे धुरकटलेले रोगण पुन्हा स्वच्छ करण्याची एक युक्ती काढली. पेटीच्या झाकणाला आतून मद्यार्कात भिजवलेले कापड लावायचे आणि चित्र त्या वाफेत ठेवायचे. रोगण मऊ होई, त्यातल्या बारीक भेगा मिटत आणि चित्र क्षणात लख्ख दिसू लागे. चित्राला हातही लावायचा नाही. यापेक्षा निर्धोक काय असणार! युक्ती युरोपभर गाजली. पुढे काही काळाने ध्यानात आले, की ती वाफ रोगणाशी थांबत नव्हती. काही चित्रांतला खालचा रंगही मऊ होऊन रोगणात मिसळला होता. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हातून जे निसटले, ते आपल्या शेजाऱ्याच्या बाटलीतून कसे सुटावे?

आता मघाशी ठेवलेल्या मुद्द्याकडे येऊ. काढता येते म्हणून काढावेच का? आपण पाहिले, की ओलिओग्राफवरचे रोगण बहुधा छापखान्यातले असते. ते सगळे काढले, तर खाली उरतो तो नुसता मंद, कोरडा शिळाछाप. रंग खरे दिसतील. पण छापखान्याने लोकांच्या हाती जी चकचकीत वस्तू दिली होती, ती उरणार नाही. आपल्या सावंतवाडीचा गंजिफा घ्या. त्या गोल पत्त्यांवर लाखेचा हात असतो. ती लाख काढली, तर गंजिफा गंजिफा राहत नाही. म्हणून काही वेळा संवर्धक रोगण मुळीच काढीत नाही. नुसती वरची काजळी काढतो. काही वेळा तो रोगण पातळ करतो आणि एक झिरझिरीत थर मुद्दाम मागे ठेवतो. आणि काही वेळा, म्हणजे रोगण पुढे कुणीतरी दुरुस्तीवाल्याने चोपडलेले असेल, किंवा त्याच्या आम्लाने कागद कुरकुरीत होऊन तुटू लागला असेल, तेव्हा ते पूर्ण काढणेच शहाणपणाचे ठरते. या कामाला ठरीव कायदा नाही. प्रत्येक वस्तूची चौकशी वेगळी. मात्र एक नेम सर्वत्र सारखा आहे. जे पुढे कधीही करता येईल, ते आज केलेच पाहिजे असे नाही. आणि जे एकदा केल्यावर मागे घेता येत नाही, ते दहादा विचारल्याशिवाय करू नये.

"हे सगळे ठीक," तुम्ही म्हणाल, "पण आम्ही खेड्यात राहणारी माणसे. आम्ही काय करावे?" करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याला पैसा फार लागत नाही.

पहिली गोष्ट, चित्रावर किंवा नकाशावर ओले फडके, तेल, स्पिरिट, बटाट्याची फोड, यांतले काहीही फिरवू नका. नवे रोगणही देऊ नका. आज चकाकी येईल, पण तुमच्या नातवंडांना दोन पिवळे थर काढावे लागतील. नकाशाला प्लॅस्टिकचा गरम पापुद्रा चिकटवण्याची, लॅमिनेशनची, जी चाल पडली आहे, तीही टाळा. तो पापुद्रा कागदाला इजा न करता सुटणे फार कठीण असते.

दुसरी गोष्ट, तसबीर ओलसर भिंतीला चिकटवून टांगू नका. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा लाकडाचे छोटे तुकडे लावा, म्हणजे मधून हवा खेळेल. थेट उन्हाच्या तिरिपेत ती नको, आणि समईच्या ज्योतीच्या डोक्यावरही नको. हळदकुंकू काचेवर लावा; देवाला ते पोचते. चित्र काचेला आतून चिकटले असेल, तर ओढून सोडवू नका. आहे तसेच राहू द्या. वाळवी आणि कसर यांसाठी चौकटीच्या मागची बाजू वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, तपासा.

तिसरी गोष्ट शाळेच्या नकाशाची. रोगण दिलेला नकाशा घडी घालून ठेवू नका. घडीवर रोगण तडकते आणि त्याच्याबरोबर कागदही तुटतो. जाड नळीवर सैल गुंडाळा आणि वरून धुवट सुती कापड बांधा. बऱ्याच काळाने उघडताना एकदम खेचू नका. आणि मुख्य म्हणजे, "यात जुनी राज्ये आहेत, आता काय उपयोग?" म्हणून तो रद्दीत घालू नका. १९४७ पूर्वीच्या नकाशात कोल्हापूर, सांगली, औंध, जत ही संस्थाने वेगवेगळ्या रंगांत दिसतात. १९५६ ते १९६० या काळातल्या नकाशात विदर्भापासून कच्छपर्यंत पसरलेले द्वैभाषिक मुंबई राज्य दिसते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मुलांना ही हकीकत पुस्तकातून सांगणे वेगळे आणि पिवळ्या पडलेल्या त्या नकाशावर बोट ठेवून दाखवणे वेगळे. रोज वापरायला त्याचे छायाचित्र मोठे करून घ्या. मूळ नकाशा वर्षातून एकदा, वर्ग स्वच्छ झाडून, मेजावर पसरून दाखवा.

चौथी गोष्ट नोंदीची. चित्राच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव, चित्राचे नाव, क्वचित क्रमांक असतो. तो एका वहीत उतरवून ठेवा. चित्र घरात कुणी आणले, कधी आणले, कोणत्या खोलीत होते, हे आजीआजोबांना विचारून लिहा. आता खेडोपाडी भ्रमणध्वनी आहेत; पुढून, मागून आणि प्रत्येक कोपऱ्याचे छायाचित्र घ्या. ही नोंद संवर्धकाला औषधाइतकी उपयोगी पडते. शाळेतल्या वरच्या वर्गाच्या मुलांकडून गावातल्या अशा जुन्या तसबिरींची यादी करवून घेतली, तर तो इतिहासाचा उत्तम पाठ होईल.

आणि पाचवी गोष्ट, खरोखरच उपचाराची गरज वाटली, तर जाणत्यांना विचारा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २००८ सालापासून कलावस्तूंच्या संवर्धनाचे केंद्र आहे. लखनौला १९७६ साली स्थापन झालेली सांस्कृतिक वारशाच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. आधी छायाचित्रे पाठवून सल्ला विचारावा. पुष्कळदा सल्ला एवढाच येतो, की काही करू नका, नीट ठेवा. तो सल्ला फुकाचा समजू नका. वैद्याने नाडी पाहून "औषधाची गरज नाही" म्हटले, तर आपण त्याला आळशी म्हणत नाही.

श्रोतेहो, संस्थानिकांच्या वाड्यांतली तैलचित्रे संभाळायला संग्रहालये आहेत, पहारेकरी आहेत. कागदावरच्या या चित्रांना आणि नकाशांना तसे कुणी नाही. ती मुळातच सामान्य माणसांसाठी छापली गेली, थोड्या पैशात मिळाली, आणि म्हणूनच लोकांनी ती सहज फेकलीही. ज्या थोड्या उरल्या आहेत, त्या तुमच्या आमच्या घरांत आणि शाळांत आहेत. त्यांच्यावरचे पिवळे रोगण आज ना उद्या योग्य हातांनी निघेल. आणि न निघाले तरी खालचे चित्र पुष्कळ वर्षे टिकेल. मात्र तोवर त्याला आपल्या उत्साहापासून जपायला हवे. येत्या रविवारी तसबीर पुसायला फडके हातात घ्याल, तेव्हा ते कोरडे घ्या, काचेपुरते आणि चौकटीपुरतेच फिरवा, आणि काच नसेल तर चित्राला हात लावू नका. एवढे केलेत, तरी पुष्कळ झाले.